युरियाच्या गोणीमागची दोन माणसे

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, बांधणी, पाचट यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. खत किती टाकायचे, कधी टाकायचे, याची चर्चा दर हंगामात होते. पण हे खत मुळात आले कुठून, ते प्रथम कोणी तयार केले आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. ते आज सांगतो.

युरियाची गोणी आपल्याला घरातल्या मिठाइतकी ओळखीची. तिच्यामागे दोन जर्मन माणसे आहेत. एक फ्रिट्झ हाबर. हा रसायनशास्त्रज्ञ. दुसरा कार्ल बॉश. हा कारखाना उभारणारा. दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातले अन्न या दोघांच्या पद्धतीने केलेल्या खतावर पिकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि याच दोघांच्या हातून पहिल्या महायुद्धाला दारूगोळा पुरवला गेला. त्यातल्या एकाने तर रणांगणावर विषारी वायू सोडला. या माणसांना काय म्हणायचे, ते हा लेख वाचून तुमचे तुम्हीच ठरवा.

डोक्यावर नत्र, पण पिकाला नाही

आपल्या सभोवतीच्या हवेत शंभरातले ७८ भाग नत्र आहे. हिशेब केला तर एका एकरावरच्या हवेत सुमारे ३० हजार टन नत्र भरते. मग आपण ते दुकानातून का आणतो? कारण हवेतल्या नत्राचे दोन-दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ती गाठ सुटल्याशिवाय पिकाला नत्र घेता येत नाही. ताग, चवळी, हरभरा यांच्या मुळांवर ज्या गाठी दिसतात, त्यांतले जिवाणू हे काम करतात. उसाला ती सोय तशी नाही.

म्हणून शतकानुशतके शेतकरी शेणखत, हाडांचा चुरा, पेंड यांवर भागवत आला. युरोपात एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, खाणारी तोंडे वाढली, तेव्हा त्यांनी पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजे भरभरून आणली. ती संपत आली, तेव्हा चिलीच्या वाळवंटातला सोरा आणायला सुरुवात केली. हा सोरा दुहेरी कामाचा. शेतात टाकला तर खत, आणि कारखान्यात नेला तर दारूगोळा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी हकिकत इथूनच निघते.

१८९८ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या सभेत इशारा दिला की, चिलीचा सोरा काही कायमचा पुरणार नाही. हवेतले नत्र खतात आणले नाही तर गहू खाणाऱ्या देशांवर उपासमारीची पाळी येईल, आणि हे काम रसायनशास्त्रज्ञांनीच केले पाहिजे. सोऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते जर्मनी. त्यामुळे तिथे या प्रश्नाची निकड जास्त होती.

हाबरचा शोध

फ्रिट्झ हाबरचा जन्म १८६८ चा, ब्रेस्लाव गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. घर ज्यू व्यापाऱ्याचे, रंगांचा धंदा. तरुणपणी त्याने ख्रिस्ती धर्म घेतला. आपण पक्के जर्मन आहोत आणि देशासाठी काहीही करू, ही त्याची आयुष्यभराची भावना.

कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक असताना त्याने हवेतले नत्र आणि हायड्रोजन एकत्र करून अमोनिया बनवण्याच्या मागे लागला. थोडी उष्णता दिली तर दोन्ही वायू ढिम्म हलत नाहीत. जास्त दिली तर झालेला अमोनिया परत फुटतो. हाबरने यातून वाट काढली ती दाबाची. वायू प्रचंड दाबाखाली ठेवायचे, ५०० ते ६०० अंश उष्णता द्यायची आणि मध्ये ऑस्मियम या दुर्मीळ धातूचा उत्प्रेरक घालायचा. उत्प्रेरक म्हणजे आपल्या विरजणासारखा समजा. थोडासा लागतो, पण त्याच्याविना काम होत नाही. उपकरण उभे करण्यात रॉबर्ट ल रॉसिन्योल या त्याच्या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता.

२ जुलै १९०९ रोजी बी.ए.एस.एफ. कंपनीच्या माणसांपुढे हा प्रयोग झाला. त्या छोट्या यंत्रातून थेंब थेंब अमोनिया पडू लागला. याच कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि तिच्यापुढे आपल्याकडची बिहारमधली निळीची शेती मोडीत निघाली. तेव्हा हिंदुस्थानच्या शेतकऱ्याशी या कंपनीचा संबंध असा जुना आहे.

बॉशने कारखाना उभा केला

टेबलावर थेंब पडणे वेगळे आणि रोज टनांनी माल काढणे वेगळे. हे काम कंपनीने कार्ल बॉशवर सोपवले. अडचण किती मोठी होती, ते आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगतो. जुन्या साखर कारखान्यांचे बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास दाबाने चालत. आज सहवीज प्रकल्पांचे बॉयलर ६७ पासून ११० किलोपर्यंत चालतात. बॉशला त्या काळात २०० गाठायचे होते, आणि तेही आत वाफ नव्हे तर तापलेला हायड्रोजन असताना.

पोलादी नळ्या काही दिवसांतच फुटू लागल्या. तपासणी केल्यावर कळले की हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खातो आणि पोलाद ठिसूळ होते. बॉशने तोड काढली. आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर घातले, बाहेर भक्कम पोलादाचे कवच ठेवले आणि त्या कवचाला बारीक भोके पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादाला त्रास न देता भोकांतून निघून जाऊ लागला. इकडे आल्विन मिटाश या सहकाऱ्याने हजारो प्रयोग करून महागड्या ऑस्मियमऐवजी लोखंडाचाच स्वस्त उत्प्रेरक शोधला. १९१३ च्या सप्टेंबरात ओपाऊ येथे जगातला पहिला कारखाना सुरू झाला. हवेपासून केलेले अमोनियम सल्फेट शेतकऱ्याला मिळू लागले.

गोष्ट इथे संपली असती तर या दोघांचे पुतळे उभारून आपण मोकळे झालो असतो. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

खताचा कारखाना दारूगोळ्याकडे वळला

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. इंग्रजी आरमाराने जर्मनीची समुद्रवाट अडवली. चिलीचा सोरा यायचा बंद झाला. सोऱ्याशिवाय बंदुकीची दारू नाही, तोफेचा गोळा नाही. सरकारने बॉशला विचारले, आणि बॉशने शब्द दिला की अमोनियापासून सोऱ्याचा माल आपण काढून देऊ. १९१५ साली ओपाऊच्या कारखान्यातून तो निघू लागला. १९१७ मध्ये लॉयना येथे आणखी मोठा कारखाना सुरू झाला. हे तंत्र हाताशी नसते तर जर्मनीला युद्ध चार वर्षे ओढता आले नसते, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

यंत्र तेच, कामगार तेच, अमोनियाही तोच. फक्त माल कुठे जायचा ते बदलले.

ईप्रच्या खंदकांत

हाबर याच्याही पुढे गेला. शत्रू खंदकांत दडून बसतो, त्याला बाहेर काढायला विषारी वायू वापरावा, ही योजना त्याने हाती घेतली. विषाचा वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार हेग येथे झालेला होता आणि जर्मनीची त्यावर सही होती. पण हाबरचे म्हणणे असे की, मरण ते मरणच, ते गोळीने आले काय आणि वायूने आले काय. वायूमुळे युद्ध लवकर संपेल आणि उलट माणसे वाचतील.

२२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ वारा अनुकूल झाला. हजारो नळकांड्यांतून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन सोडला गेला. हा वायू हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरकत गेला आणि खंदकांत उतरला. समोर फ्रान्सचे सैन्य होते. त्यात अल्जीरियातून आणलेले शिपाईही होते. माणसे श्वास कोंडून पडली. शेकडो मेले, हजारो जायबंदी झाले. हाबर स्वतः त्या आघाडीवर हजर होता. नंतर कैसरने त्याला कॅप्टनचा हुद्दा दिला.

या लढाईत आपली माणसेही होती. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनला तिथे पुढे घातले आणि तिच्यावरही वायू सोडला गेला. जमादार मीर दस्त याने वायूचा त्रास होत असतानाही आपली तुकडी सावरली आणि अनेक जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे त्याच सप्टेंबरात इंग्रजांनीही वायू वापरला. युद्ध लवकर संपले नाही. ते आणखी साडेतीन वर्षे चालले आणि सर्व बाजूंचे मिळून सुमारे ९० हजार सैनिक वायूने मेले, असा अंदाज दिला जातो.

हाबरची पत्नी क्लारा इमरवार ही स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई. ब्रेस्लावच्या विद्यापीठात तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. लग्नानंतर तिचे काम घरात अडकले. २ मे १९१५ रोजी, ईप्रच्या घटनेनंतर दहा दिवसांनी, तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. घरात बारा वर्षांचा मुलगा होता. कारण वायूचे युद्ध की संसारातले दुःख, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. हाबर मात्र लगेच पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला.

पारितोषिक आणि स्फोट

युद्ध जर्मनी हरला. आणि १९१९ मध्ये हाबरला १९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अमोनियासाठी, वायूसाठी नव्हे. तरी दुसऱ्या देशांतल्या अनेक शास्त्रज्ञांनी नाराजी दाखवली. पुढे देशावरचा युद्धदंड फेडायला समुद्राच्या पाण्यातून सोने काढावे म्हणून हाबरने काही वर्षे घालवली. पाण्यात सोने अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाले आणि तो नाद सोडावा लागला.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊच्या कारखान्यात भयंकर प्रकार घडला. सुमारे ४,५०० टन मिश्र खताचा साठा एका कोठारात होता. त्यात अमोनियम नायट्रेट होते. खत दमट होऊन दगडासारखे घट्ट झाले की सुरुंग लावून फोडायचे, अशी तिथली रोजची पद्धत होती. हजारो वेळा केले, काही झाले नाही. त्या दिवशी साठ्याचा एक भागच उडाला. ५०० हून अधिक माणसे ठार झाली आणि गावातली बहुतेक घरे कोसळली. बॉशला हा धक्का फार लागला. आपल्या वापरातल्या युरियाला अशी भीती नाही, बरं का. पण अमोनियम नायट्रेटचा गुण आजही तोच आहे. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात पडून राहिलेल्या २,७५० टन साठ्याने तेच केले.

बाकी कारखाने चालूच होते. १९२२ मध्ये अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून युरियाचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन याच ओपाऊला सुरू झाले. त्याच मार्गाने पुढे आपल्याकडे १९६५ मध्ये तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, खत कारखाना आला.

संचालकांच्या सह्या

१९२५ मध्ये जर्मनीतल्या मोठ्या रसायन कंपन्या एकत्र येऊन आय. जी. फार्बेन ही कंपनी झाली. तिचा पहिला प्रमुख कार्ल बॉश. १९३१ मध्ये उच्च दाबाच्या तंत्राबद्दल त्याला फ्रीडरिख बेर्गियुस याच्याबरोबर नोबेल मिळाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू लोकांना सरकारी जागांवरून काढायला सुरुवात झाली. बॉशला हे पटले नाही. हिटलरला भेटून त्याने सांगून पाहिले की, ज्यू शास्त्रज्ञ घालवले तर देशाचे शास्त्र मागे जाईल. त्याचे कोणी ऐकले नाही. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोळशापासून पेट्रोल बनवण्याचा करार बॉशच्या कंपनीने हिटलरच्या सरकारशी केला. कंपनीने त्यात मोठे भांडवल ओतलेले होते, ते वाचवायचे होते.

एकदा अशी गाठ बसली की पुढची सही सोपी जाते. बॉश १९४० मध्ये खचलेल्या मनाने वारला. १९४१ पासून त्याच कंपनीने आउश्विट्झच्या छावणीशेजारी कृत्रिम रबराचा कारखाना बांधायला घेतला आणि छावणीतले कैदी मजुरीला जुंपले. हजारो कैदी उपासमारीने आणि कष्टाने मेले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. १९४८ मध्ये त्यांतील १३ जणांना शिक्षा झाल्या. फ्रिट्झ टेर मेर याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. तो मुदतीआधीच सुटला आणि १९५६ मध्ये बायर या कंपनीच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला.

हाबरचा शेवट

हाबरला १९३३ च्या कायद्यात युद्धातल्या सेवेमुळे सूट मिळत होती. पण आपल्या संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना त्यानेच काढायचे होते. ते त्याने केले नाही. ३० एप्रिलला राजीनामा दिला आणि देश सोडला. ज्या देशासाठी त्याने सर्व काही केले, त्या देशाने त्याला त्याच्या जन्माची जात दाखवून दिली. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल गावी प्रवासात असताना तो वारला. वर्षभराने माक्स प्लांक यांनी बर्लिनमध्ये त्याची स्मरणसभा घेतली. सरकारने आपल्या प्राध्यापकांना जायला बंदी केली होती. बॉश मात्र त्या सभेला हजर राहिला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाबरच्या संस्थेत धान्यातली आणि घरातली कीड मारण्यासाठी सायनाइडवर आधारलेल्या औषधांचे काम झाले होते. त्यातून पुढे झायक्लॉन बी हे कीडनाशक तयार झाले. हिटलरच्या राज्यात तेच माणसांवर वापरले गेले आणि त्या छावण्यांत हाबरच्या नात्यातलीही काही माणसे मारली गेली. हे पाहायला हाबर जिवंत नव्हता.

आपण यातून काय घ्यायचे?

काही लोक म्हणतील, शास्त्र वाईट. तसे म्हणून भागत नाही. ओपाऊचा अमोनिया शेतात न्यायचा की तोफखान्यात, हे अमोनियाने ठरवलेले नाही. दर वेळी कोणी तरी माणूस टेबलाशी बसला होता आणि त्याने सही केली. देशासाठी, भांडवल वाचवण्यासाठी, किंवा रोजचीच पद्धत आहे म्हणून. त्या वेळी ही कारणे त्या त्या माणसाला पुरेशी वाटली.

आपला कारखाना सहकारी आहे. टेबलाशी कोण बसते, हे इथे आपण मतांनी ठरवतो. तेव्हा वार्षिक सभेत अहवाल आला की नुसता ऊसदराचा आकडा पाहून घरी जाऊ नका. आसवनीचे सांडपाणी कुठे जाते, ऊसतोड कामगारांच्या मुलांची काय सोय आहे, हेही विचारा. विचारणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि मी पगारी नोकर असूनही हे मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट शेतातली. एवढा इतिहास ज्याच्या पोटात आहे ते खत आपण दोन्ही हातांनी उधळावे, हे बरे नव्हे. आजच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असते. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तरी पाच गोण्यांच्या आतच भागते. डीएपी किंवा मिश्र खत दिले असेल तर त्यातले नत्र यातून वजा करा. आठ-दहा गोण्या टाकणाऱ्या शेतकऱ्याचा ऊस हिरवागार दिसतो, पण लोळतो, उशिरा पक्व होतो, उतारा कमी देतो, आणि जादा नत्र पाझरून विहिरीच्या पाण्यात उतरते.

नत्राची विभागणी अशी ठेवा. लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के. खत मातीआड करा, उघड्यावर फोकू नका. लागणीआधी ताग किंवा धैंचा गाडा, पाचट जाळू नका. हाबरला जे करायला २०० पट दाब आणि ५०० अंशांची भट्टी लागली, ते तागाच्या मुळावरची गाठ आपल्या रानात बिनबोभाट करते, आणि तिचे बिल येत नाही.

माती तपासल्याशिवाय खताचा हिशेब पक्का होत नाही. मातीचा नमुना घेऊन आपल्या गट कार्यालयात द्यावा. नमुना कसा घ्यायचा, ते शेती मदतनीस बांधावर येऊन दाखवतील.